जोडे शिवणारा उपदेशक

(शाळेंत भरलेल्या पालकांच्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



गेल्या पंधरवड्यांत आम्ही वाडीवरच्या एका सुतारबाबांच्या घरीं गेलों होतों. त्यांचा मुलगा आठ दिवस शाळेंत आला नव्हता. पाहतों तों मुलगा पडवींत बसून रंधा मारीत होता. आम्ही कारण विचारलें, तेव्हां बाबांनीं हातांतली करवत खालीं ठेविली आणि म्हणाले, "मास्तर, पोरगं अक्षर शिकलं म्हणजे मग ते करवत धरील का? एक तर हातचं जाईल, नाहीं तर डोक्यातलं. दोन्ही कुणाला साधलंय?" त्यांचा आम्हांस राग आला नाहीं. शिकलेला मुलगा बापाच्या हत्यारांना हात लावावयास लाजतो, हें त्यांनीं पाहिलेलें आहे. आणि न शिकलेल्या बापाला कागदावर आंगठा उठवून काय भोगावें लागतें, हेंही त्यांनीं भोगलेलें आहे. आम्हांस त्या दिवशीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन विचार करतां करतां एका माणसाची आठवण झाली. त्याची हकीकत आज सांगतों. सुतारबाबा मागच्या बाजूला येऊन बसले आहेत, हें आम्ही पाहिलें आहे.

विल्यम कॅरे हें त्याचें नांव. जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं, इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन परगण्यांत, पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत. बाप एडमंड हा कोष्टी. विल्यम सहा वर्षांचा असतांना बापाला गांवच्या शाळेंतील मास्तराची व चर्चांतील कारकुनाची जागा मिळाली, म्हणजे आमच्यासारखाच गांवचा पंतोजी. अशा घरांत लक्ष्मी किती नांदत असेल तें आम्ही सांगावयास नको. चुलता माळी होता आणि अमेरिकेकडील कॅनडा देश पाहून आलेला होता. त्याच्या संगतीनें पोराला झाडपाला, किडे, पांखरें गोळा करण्याचा नाद लागला. सोबती त्याला 'कोलंबस' म्हणून चिडवीत.

शेतांत राबावें तर उन्हानें त्याच्या कातडीला विकार होई. म्हणून वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास बापानें त्याला पिडिंग्टन येथें क्लार्क निकल्स नांवाच्या जोडे करणाराच्या हाताखालीं उमेदवार ठेविलें. त्या परगण्यांत जोडे करणें हा घरोघरचा धंदा होता. चामड्याला हात लावला म्हणून तेथें कोणी विटाळ मानीत नसे, एवढा फरक ध्यानांत ठेवा. पण गरिबी होतीच, आणि मोठ्या लोकांच्या नजरेंत हलकेपणाही होता.

येथें एक गोष्ट घडली. नाताळांत उमेदवार पोरांनीं धन्याच्या ओळखीच्या दुकानदारांकडे पोस्त मागावें अशी तिकडे रीत होती. एका लोखंडी सामान विकणाऱ्यानें विल्यमला विचारलें, सहा पेनी घेतोस कीं शिलिंग? शिलिंग म्हणजे बारा पेनी, म्हणून पोरानें शिलिंग घेतला. बाजारांत चालवावयास जातो तों तो खोटा! धन्यानें कामासाठीं दिलेले पैसेही त्याच्याजवळ होते. त्यांतला खरा शिलिंग त्यानें आपल्या खर्चाला वापरला, आणि खोटा धन्याच्या पैशांत घालून "तुमच्याच पैशांत खोटा निघाला" असें सांगावयाचें ठरविलें. वाटेनें त्यानें देवाची प्रार्थना केली कीं, एवढी लबाडी पचूं दे, पुन्हां असें करणार नाहीं! देवानें ती ऐकली नाहीं. धन्यानें दुसऱ्या उमेदवाराला चौकशीला धाडलें आणि सारें उघडें पडलें. कित्येक दिवस तो लाजेनें तोंड दाखवीना. ही गोष्ट त्याच्या शत्रूनें लिहिलेली नाहीं. मोठेपणीं त्यानेंच लिहून ठेविली आहे. धर्मोपदेशकांच्या चरित्रांत असलें पान बहुधा सांपडत नाहीं, आणि म्हणूनच आमचा ह्या माणसावर विश्वास बसला.

आतां अक्षरांची गोष्ट. धन्याच्या दुकानांत चार पुस्तकें होतीं. त्यांत बायबलावरील एक टीका होती आणि तिच्यांत मधूनमधून अनोळखी अक्षरांतले शब्द होते. विल्यम तीं अक्षरें चित्र काढावें तशीं कागदावर उतरून घेई, आणि आपल्या गांवीं गेला म्हणजे तेथल्या टॉम जोन्स नांवाच्या कोष्ट्याला दाखवी. ह्या कोष्ट्याचें थोडें शिक्षण झालेलें होतें. त्यानें सांगितलें कीं, ही ग्रीक भाषा. बंधूंनो, जोडे शिवणाऱ्या पोराला ग्रीक वाचण्याची वाट दाखविली ती माग चालविणाऱ्यानें. पुढें लॅटिन, हिब्रू, फ्रेंच, डच ह्या भाषाही तो अशाच रीतीनें, कोणाचें पुस्तक मागून, कोणाला विचारून शिकला. पुढ्यांत पुस्तक उघडें ठेवावयाचें आणि हातानें टांका घालीत जावयाचें, ही त्याची पद्धत.

तो बॅप्टिस्ट उपदेशक झाला असें आम्ही म्हणणार, तर बॅप्टिस्ट म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत राजमान्य असें एक चर्च होतें व आहे. त्या काळीं प्रत्येक खेड्यांत त्याचा नेमलेला धर्माधिकारी असे व शेतकऱ्यानें आपल्या पिकाचा दशांश त्याला द्यावा असा कायदा असे. शेतकऱ्याला त्याचा उपदेश पटो वा न पटो. बॅप्टिस्टांनीं ही गोष्ट नाकारली. त्यांचें म्हणणें असें कीं, तान्ह्या मुलाच्या कपाळावर पाणी शिंपडून धर्म लागत नाहीं. माणसानें जाणतें होऊन, समजून, आपल्या तोंडानें कबूल करावें आणि मग पाण्यांत बुडी घ्यावी. आणि उपदेशक वरून कोणी नेमावयाचा नाहीं. मंडळीनें आपल्यांतूनच पारखून निवडावयाचा, आणि मंडळीनेंच त्याला पोसावयाचा. मग तो कोष्टी असो, चांभार असो. असल्या लोकांना ऑक्सफर्डच्या विद्यापीठाचें दार बंद होतें. सरकारी व नगरसभेच्या अधिकाराच्या जागांनाही कायद्याची आडकाठी होती, ती १८२८ सालीं उठली. शिकण्याचा हक्क धर्माच्या नांवानें अडवून ठेवणें हें आपल्याच देशांत झालें असें समजूं नका.

विल्यमचा बाप राजमान्य चर्चाचा नोकर. पण दुकानांतील जॉन वॉर नांवाच्या सोबती उमेदवारानें वाद घालून घालून त्याला ह्या दुसऱ्या पंथाकडे वळविलें. ५ ऑक्टोबर १७८३ रोजीं नॉर्दॅम्प्टन येथें नेन नदींत त्यानें बुडी घेतली. त्यापूर्वीं १७८१ सालीं त्याचें लग्न झालें होतें. बायकोचें नांव डॉरोथी. तिला लिहितां येत नव्हतें. लग्नाच्या नोंदींत तिनें फुली केलेली आहे. पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापानें गेली. त्याच दुखण्यांत बापाच्या डोक्यावरचे केस गेले ते कायमचे.

अर्ल्स बार्टन नांवाच्या खेड्यांत त्यानें साडेतीन वर्षें उपदेश केला. कित्येक मैल पायीं जावयाचें, पायींच परत यावयाचें. तेथले लोक इतके गरीब कीं, जातां येतां जे कपडे झिजत त्यांची भरपाई होण्याइतकेंही त्यांच्याकडून मिळत नसे. म्हणून कोणी असें समजूं नये कीं, उभा राहिला आणि झाला उपदेशक. ओल्नी येथील मंडळीपुढें १७८५ सालीं त्याची परीक्षा झाली. त्यांनीं भाषण ऐकलें आणि सांगितलें, अजून कच्चें आहे, थांबा. पुढच्या वर्षीं पुन्हां ऐकलें तेव्हां परवानगी दिली. आम्हांस ही मंडळी फार आवडली. वंशपरंपरेनें आलेल्या भटजीची किंवा गुरवाची अशी परीक्षा कोणीं घेतल्याचें आम्हांस माहीत नाहीं. आणि खरें बोलावयाचें तर आम्हां मास्तरांचीही गांव अशी परीक्षा घेत नाहीं.

१७८५ सालीं तो मोल्टन गांवीं आला आणि १७८७ सालीं तेथील मंडळीचा रीतसर उपदेशक झाला. हीं चार वर्षें आम्हांस त्याच्या साऱ्या आयुष्यांत मोलाचीं वाटतात. मंडळी देई ते वर्षाला अकरा पौंडांच्या आसपास, आणि लंडनच्या एका फंडांतून पांच पौंड. त्यावर बायकापोरांचें पोट भरेना, म्हणून त्यानें शाळा काढली. शाळेचें उत्पन्न फार झालें तर आठवड्याला साडेसात शिलिंग. त्यांतच जुना मास्तर गांवांत परत आला आणि पोरें तिकडे गेलीं. शाळा चालविण्यांत तो कुशल नव्हता. पोरें त्याला दाद देत नसत. मी शाळा चालवीत नव्हतों, पोरेंच मला चालवीत होतीं, अशा अर्थाचें तो पुढें हंसून सांगे. (येथें पहिल्या रांगेंतलीं मुलें हंसलीं, तीं कां हंसलीं हें आम्ही विचारणार नाहीं.) म्हणून त्यानें पुन्हां जोड्यांचें काम हातीं घेतलें. आठवडाभर जोडे, संध्याकाळीं पुस्तक, रविवारीं उपदेश. आठवडेच्या आठवडे घरांत मांस शिजत नसे, आणि बाकीचें अन्नही बेताचेंच.

अशा ह्या घराच्या भिंतीवर काय होतें? कागदाचे ताव एकाला एक चिकटवून त्यानें स्वतःच्या हातानें काढलेला सबंध जगाचा नकाशा. प्रत्येक देशाच्या जागीं तेथली वस्ती किती, धर्म कोणता, स्थिति कशी, हें वाचून मिळेल तसें लेखणीनें टिपलेलें. कॅप्टन कुक ह्याच्या सफरींचें वर्णन त्यानें वाचलें होतें, तेव्हांपासून हें वेड. खालीं ऐरण, आरी आणि चामड्याचे तुकडे. वर जगाचा नकाशा. मुलांना भूगोल शिकवितां शिकवितां, लोकांचे जोडे शिवतां शिवतां, तो त्याकडे पाही. अँड्र्यू फुलर नांवाचा शेजारचा उपदेशक त्या घरीं गेला असतां त्यानें हा नकाशा पाहिला, आणि त्यानेंच हें लिहून ठेविलें आहे. आम्ही शाळेंत नकाशा टांगतों. पण तो छापील असतो, आणि त्यावर आमच्या हातची एक रेघ नसते.

केटरिंग येथें टॉमस गॉच नांवाचा जोड्यांचा मोठा मक्तेदार होता. कॅरे त्याच्याकडून चामडें आणी आणि तयार जोडे पोंचवी. एके दिवशीं गॉचनें विचारलें, आठवड्याला किती कमावतोस? नऊ-दहा शिलिंग, असें उत्तर मिळालें. तेव्हां तो म्हणाला कीं, आजपासून माझें चामडें आणखी खराब करूं नकोस. दहा शिलिंग मी देतों, तूं अभ्यास कर. ही गोष्ट त्याच्या चरित्रांत येते. ज्याच्याकडे पैसा होता त्यानें देणगी कोठें द्यावी हें ओळखलें, एवढेंच आम्ही म्हणतों. आपल्याकडे असा मक्तेदार सांपडेल तो दिवस सोन्याचा.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या काळीं इंग्लंडांत येणारी साखर वेस्ट इंडीज बेटांतली. आफ्रिकेंतून पकडून नेलेल्या गुलामांच्या पाठीवर फटके मारून पिकविलेल्या उंसाची. कित्येक कुटुंबांनीं ती साखर सोडली. कॅरेनें आपल्या पुस्तकांत ह्या गोष्टीचा उल्लेख करून म्हटलें कीं, अशा घरांत आठवड्याला जे सहा पेनी, शिलिंग वांचतात ते सत्कार्याला द्यावे. बिनसाखरेच्या चहानें गुलामगिरी जाईल का, असें कोणी विचारील. पण उपदेशकानें स्वर्गाच्या गोष्टी सांगतांना चुलीजवळच्या डब्याकडे बोट दाखविलें, हें आम्हांस मोठें वाटतें.

१७८९ सालीं तो लेस्टर शहरांत गेला. तेथल्या मंडळींत दारूबाज व भांडखोर शिरलेले. समजावून भागेना, तेव्हां सबंध मंडळीच मोडून टाकली आणि नवी शपथ घेतील त्यांनाच आंत घेऊन पुन्हां उभारली. १७९२ सालीं त्याचें पुस्तक छापलें. परदेशांत जाऊन धर्म सांगणें हें आपलें कर्तव्य आहे कीं नाहीं, हा त्याचा विषय. २ ऑक्टोबर १७९२ रोजीं केटरिंगमध्यें एका विधवाबाईंच्या घरच्या खोलींत बारा-चौदा माणसें जमलीं. वर्गणीचे आंकडे चिठ्ठ्यांवर लिहून तपकिरीच्या डबींत टाकले. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेनी. एवढ्या भांडवलावर पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला माणूस धाडावयाचें ठरलें.

जावयाला निघाला तो कॅरेच. येथें त्याच्या बायकोची बाजू कोणी सांगत नाहीं, ती आम्ही सांगतों. डॉरोथी गरोदर होती. तिनें साफ नाहीं म्हटलें. पुढें मूल झालें, प्रवास लांबला, आणि बहीण बरोबर येते म्हटल्यावर ती कशीबशी तयार झाली. कंपनी सरकार उपदेशकांना परवाना देत नसे, म्हणून १३ जून १७९३ रोजीं डेन्मार्कच्या जहाजांत बसून तीं निघालीं, आणि नोव्हेंबरांत कलकत्त्यास पोंचलीं. दुसऱ्याच वर्षीं पांच वर्षांचा पीटर गेला. त्या दुःखानंतर डॉरोथीच्या डोक्यावर परिणाम झाला तो सुटला नाहीं. १८०७ च्या डिसेंबरांत ती वारली, तोंपर्यंत बारा वर्षें ती बाई वेडाच्या अंमलाखालीं होती. ती एका खोलींत ओरडत असे आणि दुसऱ्या खोलींत तिचा नवरा भाषांतरें करीत असे. लोक त्याच्या धैर्याची तारीफ करतात. आम्हांस तारीफ करवत नाहीं. त्या फुली करणाऱ्या बाईला कोणीं दोन अक्षरें शिकविलीं असतीं, तर तिचीही हकीकत आपल्यापुढें असती.

पोटासाठीं त्यानें मालदा भागांत मदनावती येथें निळीच्या कारखान्यावर देखरेखीची नोकरी धरली. नीळ म्हणजे काय हें बंगालच्या रयतेला विचारावें. तिच्या जुलमापायीं पुढें १८५९ सालीं तेथले शेतकरी उठले. कॅरेनें जुलूम केला असें कोठें आढळत नाहीं, तेथें त्यानें रयतेच्या मुलांसाठीं शाळाही काढली. पण त्याचें मीठ त्या कारखान्याचें होतें, हें लपवून चालणार नाहीं. पीक बुडालें, कारखाना बसला, आणि जानेवारी १८०० मध्यें तो हुगळी नदीच्या कांठीं श्रीरामपूर येथें गेला. तें गांव डेन्मार्कच्या राजाचें होतें, तेथें कंपनीचा हुकूम चालत नसे.

येथपर्यंत आम्ही त्यांना अरेतुरे केलें, कारण पोरपणापासून ओळख झाली. आतां कॅरेसाहेब म्हणूं.

श्रीरामपुरांत कोण कोण जमले तें पाहा. कॅरेसाहेब जोडे शिवणारे. मार्शमनसाहेब कोष्ट्याचे चिरंजीव व शाळामास्तर. वॉर्डसाहेब सुताराचे चिरंजीव व छापखान्याचे जाणकार. ह्यांच्याकडे पहिला बंगाली माणूस दीक्षा घेण्यास आला तो कृष्ण पाल, धंद्यानें सुतार. त्याचा हात निखळला होता, तो डॉक्टर टॉमस ह्यांनीं बसविला, तेथून ओळख. कृष्ण पालानें साहेबांच्या पंक्तीला बसून अन्न खाल्लें तेव्हां गांवांत दंगा झाला. लोकांनीं त्याला ओढीत अधिकाऱ्यापुढें नेलें, व अधिकाऱ्यानें सोडून दिलें. २८ डिसेंबर १८०० रोजीं हुगळींत त्याची बुडी झाली. १८०३ सालीं ह्या सुताराच्या मुलीचें लग्न लागलें तें कृष्णप्रसाद नांवाच्या ब्राह्मण कुळांतल्या तरुणाशीं. त्याच वर्षीं गोकुळ नांवाचा त्यांच्यांतला एक जण वारला. मढ्याला खांदा देण्यास मार्शमनसाहेब, कॅरेसाहेबांचा मुलगा फेलिक्स, एक जन्मानें ब्राह्मण आणि एक जन्मानें मुसलमान, असे चौघे होते. धर्म कोणता घ्यावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आम्ही तो सांगावयास उभे नाहीं. पण त्या तिरडीचे चार खांदे आमच्या डोळ्यांपुढून हलत नाहींत.

आणि छापखान्यांत होते पंचानन कर्मकार. कर्मकार म्हणजे लोहार. बंगाली अक्षरांचे ठसे पाडण्याची विद्या ते विल्किन्ससाहेबांच्या हाताखालीं शिकले होते. श्रीरामपुरास त्यांनीं देवनागरीचे ठसे पाडले, आणि त्यांच्यामागें त्यांचे जांवई मनोहर ह्यांनीं तें काम कित्येक वर्षें चालविलें. पोलादाच्या कांडीवर उलटें अक्षर कोरावयाचें, तें तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, त्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. हें काम पंडिताच्या हातून झालें नसतें. त्याला लोहाराचा हातच पाहिजे, आणि त्या हाताला अक्षराची ओळखही पाहिजे. सुतारबाबा, ऐकतां ना?

आतां आपल्या मराठीशीं संबंध कसा तो पाहा. १८०१ सालीं कॅरेसाहेब कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत शिक्षक झाले. प्रथम बंगालीचे, पुढें संस्कृत व मराठीचेही. पगार महिना पांचशें रुपये, पुढें हजार. घरखर्चापुरती लहानशी रक्कम ठेवून बाकी सारा पगार ते मंडळीच्या सामाईक पेटींत टाकीत. कंपनीला मराठी कां हवी होती हें उघड आहे. मराठ्यांचा मुलूख घेतला तर तेथें कारभार करणारे साहेब तयार पाहिजेत. पण ह्या निमित्तानें कॅरेसाहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण इंग्रजींतून लिहून श्रीरामपुरास छापलें, आणि १८१० सालीं मराठी शब्दांचा कोश मोडी अक्षरांत छापला. त्यांना मदत करणारे वैजनाथ पंडित. ते नसते तर हें काम उभें राहतें ना. शाबासकी ज्याची त्याला दिली पाहिजे. कॅरेसाहेबांची मराठी निर्दोष होती असें मात्र नाहीं. बंगाल्यांत बसून, एका पंडिताच्या तोंडून ऐकलेली ती भाषा. त्यांचें बायबलाचें मराठी भाषांतर फार दिवस टिकलें नाहीं, आणि १८३१ सालीं मोलस्वर्थसाहेबांचा कोश निघाल्यावर त्यांचा कोशही मागें पडला. ट्रेनिंग कॉलेजांत असतांना आम्ही मोलस्वर्थसाहेबांचें नांव घोकलें. पण आमच्या मायबोलीच्या व्याकरणाच्या पुस्तकाला एका जोडे शिवणाऱ्याचा हात लागला होता, हें त्या वेळीं कोणीं आम्हांस सांगितलें नाहीं. सांगितलें असतें तर ज्या मुलांना आम्ही आजवर शिकविलें त्यांतल्या कांहींना तरी त्याचा उपयोग झाला असता.

११ मार्च १८१२ रोजीं रात्रीं छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, वर्षानुवर्षें लिहिलेल्या कोशांचीं व व्याकरणांचीं हस्तलिखितें जळून गेलीं. ठसे व छापण्याचीं यंत्रें वांचलीं. वितळलेलें शिसें राखेंतून उपसून मनोहरांच्या माणसांनीं पुन्हां खिळे ओतले, आणि कॅरेसाहेब पुन्हां पहिल्या शब्दापासून लिहावयास बसले.

शेतकरी बंधूंनी एवढें ऐकावें कीं, १८२० सालीं शेती व बागाईत सुधारण्याकरितां हिंदुस्थानांत जी सभा निघाली ती ह्याच माणसाच्या खटपटीनें. श्रीरामपुरास त्यांची पांच एकरांची बाग होती. विलायतेहून आलेल्या बियांची पिशवी रिकामी झाली म्हणून त्यांनीं ती एका वाफ्यांत झटकली, तर थोड्या दिवसांनीं त्यांत डेझीचें रोप उगवलें. डेझी म्हणजे त्यांच्या गांवच्या कुरणांतलें साधें रानफूल. ह्या एका रोपानें त्यांना किती आनंद झाला तें त्यांनीं पत्रांत लिहिलें आहे. एकेचाळीस वर्षांत ते एकदांही घरीं परतले नाहींत.

१८२९ च्या डिसेंबरांतील एक रविवार सांगतों. ४ तारखेला सती बंद करण्याचा कायदा झाला. ६ तारखेला, रविवारीं सकाळीं, तो बंगालींत उतरविण्यासाठीं कॅरेसाहेबांकडे आला. उपदेशाची वेळ झालेली. रविवारीं दुसरें काम करूं नये हा त्यांच्या धर्माचा नेम, आणि तो त्यांनीं जन्मभर पाळलेला. त्यांनीं उपदेश दुसऱ्याकडे सोंपविला, पंडिताला बोलाविलें, आणि दिवस मावळेपर्यंत बसून भाषांतर पुरें केलें. एक दिवस उशीर म्हणजे कोठें तरी एक बाई चितेवर चढणार, हा हिशोब त्यांनीं केला.

आतां थोडेंच राहिलें. बडे लाटसाहेबांच्या घरीं एकदां मेजवानी होती. कोणी सेनाधिकारी शेजाऱ्याला मोठ्यानें विचारूं लागला कीं, हा कॅरे पूर्वीं जोडे तयार करीत असे ना? कॅरेसाहेबांनीं ऐकलें आणि सांगितलें कीं, नाहीं साहेब, जोडे तयार करणारा कसला, मी फाटके जोडे सांधणारा. त्या वेळीं ते तीन भाषांचे शिक्षक होते. ९ जून १८३४ रोजीं श्रीरामपुरास त्यांचा अंत झाला. त्यांनीं मार्शमन व वॉर्ड ह्यांच्यासह १८१८ सालीं काढलेलें कॉलेज अजून तेथें नदीकांठीं उभें आहे. त्यांत जात विचारून मुलगा घ्यावयाचा नाहीं असें पहिल्यापासून ठरलेलें होतें.

सुतारबाबा, तुमच्या प्रश्नाला आमच्याजवळ एवढेंच आहे. येत्या सोमवारपासून दिवेलागणीनंतर ह्याच खोलींत वर्ग भरेल. दिवसा जो कामावर असेल त्यानें रात्रीं यावें. ज्याचें काम राहिलें असेल त्यानें तें बरोबर आणावें. आरी, सुई, रंधा, कशालाही येथें मज्जाव नाहीं. फक्त भुसा पडेल तो जातांना झाडून जावें. आणि भिंतीवर एक कोरा कागद चिकटवून ठेविला आहे. पहिल्या दिवशीं त्यावर आपल्या गांवाची शींव काढावयाची आहे. ओढा कोठून कोठें जातो हें आम्हांला नीट माहीत नाहीं, तें तुम्हांलाच येऊन सांगावें लागेल.